त्वचेची उपांगे : केस, नखे आणि ग्रंथी

डोक्यावरील केस, बोटांची नखे आणि उन्हात कपाळावर जमणारा घाम यांत वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. तथापि या तिहींचे मूळ एकच आहे. गर्भाच्या बाह्यस्तरापासून जी बाह्यत्वचा बनते, तिच्याच पेशी जागोजागी अंतस्त्वचेत खोल शिरून केसांची मुळे व ग्रंथी निर्माण करतात. बोटांच्या टोकांशी त्याच पेशींच्या घडीतून नखे तयार होतात. म्हणून या सर्वांना त्वचेची उपांगे म्हणतात.

केस ज्या सूक्ष्म, नळीसारख्या खळग्यातून वर येतो, त्यास केशकूप हे नाव आहे. कूपाच्या तळाशी रक्तवाहिन्यांकडून पोषण मिळून पेशींचे सतत विभाजन होत असते. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता त्यांच्यात केराटिन नावाचे कठीण प्रथिन साठते व त्या निर्जीव होतात. बाहेर दिसणारा केस हा अशा मृत पेशींचा धागा होय. म्हणूनच तो कापताना वेदना होत नाही. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. काही वर्षांनी कूप विश्रांती घेतो, जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. दररोज ५० ते १०० केस गळणे त्यामुळे स्वाभाविकच आहे.

नखाची घडणही अशीच असते. त्याचा वाढणारा भाग बुडाशी कातडीखाली असून तेथील फिकट चंद्रकोर हा त्याचाच दिसणारा अंश होय. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते; पायाचे याहून सावकाश. नखाच्या आधारामुळेच बारीक वस्तू चिमटीत नीट धरता येते.

त्वचेतील ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. स्नेहग्रंथी बहुधा केशकूपात उघडतात. त्यांच्या तेलकट स्रावाने केस व त्वचा मऊ राहतात. स्वेदग्रंथी म्हणजे अंतस्त्वचेत वेटोळे घातलेल्या सूक्ष्म नळ्या. शरीरावर त्यांची संख्या २० ते ४० लाख असते. घाम म्हणजे बहुतांशी पाणी व थोडे मीठ. १ लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. हवा शरीराहून अधिक तापली म्हणजे शरीर थंड ठेवण्याचा हाच मार्ग उरतो. मात्र अंगावरून निथळून गेलेला घाम उष्णता नेत नाही, वाळलेलाच नेतो. दमट किनारपट्टीवर तापमान कमी असूनही जीव कासावीस होतो, तो याच कारणाने.

या उपांगांचे नाते किती निकटचे आहे, हे चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली नमूद केलेल्या सिंधमधील एका हिंदू कुटुंबाच्या वृत्तांतावरून कळते. त्या कुटुंबातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून अवघे १२ दात होते. अंगावर केस अत्यल्प होते आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी राहून त्यांना फार त्रास होई. मुलींमध्ये हा दोष दिसत नसे, पण त्यांच्या पुत्रांत तो उतरे. दातांचा उगमही बाह्यस्तराच्या घडीतच होतो. म्हणून एका दोषाने तिन्ही ठिकाणी उणीव राहिली. अशा विकाराला कारण होणारे एक जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याचे १९९६ साली निश्चित झाले.

हा विकार जडलेल्या बालकाला केस व दात कमी असल्याने विशेष धोका नसतो. घाम न येण्याने मात्र प्राणावर बेतू शकते. उन्हाळ्यात त्याचे अंग तापले की तो साधा ताप समजला जाण्याचा संभव असतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडणे व वारा घालणे म्हणजे त्याच्या त्वचेत नसलेल्या ग्रंथींचे कार्य बाहेरून करणे होय. उष्माघाताने शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या कोणाही मनुष्याला, वैद्यकीय मदत येईपर्यंत, याच उपायाने वाचविता येते.