विश्लेषण : जुना कंटेनर टेम्पो घेताय? आधी वजनकाट्यावर चढवा!

मालवाहतुकीच्या भाड्यात दर महिन्याला मोठी रक्कम जाऊ लागली, की छोट्या व्यावसायिकाला स्वतःची गाडी हवीशी वाटते. नवी परवडत नाही, म्हणून तो जुन्या बाजारात जातो. तिथे मॉडेल, किलोमीटर आणि किंमत यांवर तासभर घासाघीस होते. ही गाडी आपला माल कायद्याने किती उचलू शकते, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. साठवलेले पैसे किंवा कर्ज गुंतवण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

गाडी नेमका किती माल उचलते?

२००५ मध्ये टाटा एस आली आणि ‘छोटा हत्ती’ हे नाव घरोघरी पोहोचले. पण नावात हत्ती असला तरी वजनाची मर्यादा आरसीवरच ठरते. आरसीवर दोन आकडे असतात : गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची क्षमता. चालक आणि हमाल यांचे वजनही त्यातूनच वजा होते.

उदाहरण घेऊ. समजा एकूण वजनाची मर्यादा २,५०० किलो आहे आणि उघड्या बॉडीसह रिकामी गाडी १,२०० किलोची आहे. क्षमता झाली १,३०० किलो. त्यावर २५० किलो जादा वजनाचा बंद डबा बसवला, तर उरतात १,०५०. दोन माणसांचे १५० किलो काढले की माल फक्त ९०० किलो. तेलाचा १५ किलोचा डबा पत्र्यासह साधारण १६ किलो धरला, तर ५६ डबे झाले. आठ फूट बाय पाच फुटांच्या तळावर त्यांचा एक थरही पूर्ण होत नाही!

म्हणजे वरची सगळी जागा रिकामी दिसते आणि ती भरण्याचा मोह होतो. वेफर्स, फरसाण, थर्माकोल असा हलका माल असेल, तर मोठा डबा उपयोगाचा. तेल, टाइल्स, पाण्याच्या बाटल्या असा जड माल असेल, तर डब्याची उंची नको, क्षमतेचा आकडा पाहा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

वजनकाट्यावर काय कळते?

अनेक गाड्या कंपनीतून उघड्या बॉडीच्या निघतात आणि डबा नंतर बसवला जातो. अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते आणि त्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. म्हणून रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. पावतीवरचे वजन आणि आरसीवरचे रिकामे वजन यांत डिझेल आणि चालक यांच्यापलीकडे मोठा फरक आला, तर डबा नोंदवलेला नसण्याची शक्यता आहे. आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, तेही पाहा. नोंद नसेल तर पासिंगच्या वेळी अडचण तुमची होते, विक्रेत्याची नाही.

गाडीखाली आणि डब्यात काय पाहावे?

रंग नवा असला तरी चासी खोटे बोलत नाही. डबा जिथे चासीला बांधला आहे, तिथे वेल्डिंगचे जोड, तडे किंवा गंज शोधा. कमानपाट्यांत जादा पाटा घातलेला असेल, तर गाडीने वर्षानुवर्षे जास्त वजन ओढलेले असू शकते.

विक्रेत्याला गाडी आधीपासून सुरू करून ठेवू नका, असे सांगा. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. टायरवरच्या उत्पादन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

दिवसाउजेडी डब्यात उभे राहा आणि बाहेरून दार लावून घ्यायला सांगा. जिथून उजेड येतो, तिथून पावसात पाणी येणार. खाद्यपदार्थ नेणार असाल, तर वास घ्या. मासळी किंवा रसायनांचा वास धुऊन सहज जात नाही. शेवटी थोडा माल भरून एखादा चढ चढवून पाहा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते.

डिझेल की सीएनजी?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. धूर गाळणारा डीपीएफ असलेली डिझेल गाडी सतत छोट्या फेऱ्यांवर चालली, तर फिल्टर तुंबू शकतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागलेला नाही ना, ते पाहा. सीएनजी असेल, तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी होते. तिची तारीख तपासा आणि किटची नोंद आरसीवर आहे का, तेही पाहा.

कागदपत्रे आणि परवाने कोणते?

एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पासिंग, विमा आणि पीयूसीच्या तारखा पाहा. थकीत ई-चलान वेगळे तपासा. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तिची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी आठ वर्षांपर्यंत जुनी असेल तर पासिंग दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीला पर्यावरण करही लागतो.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्यानुसार परमिट लागत नाही. ७,५०० किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

पैसे दिल्यावर काय?

‘नाव नंतर करू’ हे वाक्य सर्वांत महाग पडते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. गाडी नावावर करण्यासाठी खरेदीदाराला ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करावा लागतो आणि विम्यावर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे. मधल्या काळात अपघात झाला, तर भरपाईचा वाद जुन्या आणि नव्या मालकाच्या मध्ये अडकतो.

किंमत ठरवतानाही बेरीज पूर्ण करा. टायर, बॅटरी, विमा, पुढचे पासिंग आणि नावावर करण्याचा खर्च विक्रेत्याच्या भावात मिळवा आणि मगच दोन गाड्यांची तुलना करा. स्वस्त दिसणारी गाडी अनेकदा इथेच महाग ठरते.