मौनाची किंमत मुलांनी का मोजावी?

विज्ञानातील प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचून घ्या’ असे सांगून पुढच्या धड्याकडे वळणारे शिक्षक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. मुले तो धडा वाचतात; परंतु मनात उठलेले प्रश्न घेऊन ती वर्गमित्राकडे वा हातातील मोबाइलकडे वळतात. उत्तर मिळतेच, ते खरे की खोटे, हे सांगणारे मात्र कोणी नसते.

हे मौन जुनेच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ते मोडू पाहिले, तेव्हा त्यांच्या वाट्याला अश्लीलतेचे खटले आले. त्यांतील एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्यानंतर कितीएक दशके लोटली, तरी २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांनी दूर लोटलाच. या शिक्षणाने मुले बिघडतील, हा आक्षेप. वस्तुतः युनेस्कोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अनेक देशांतील संशोधनाचा आढावा आहे, आणि अशा शिक्षणामुळे मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष आहे.

अज्ञानातून घडते त्यास निर्णय म्हणता येत नाही. नकार देण्याचा आपल्याला हक्क आहे, समोरच्याचा नकार मानलाच पाहिजे, निरोध गर्भधारणा व रोग या दोहोंपासून संरक्षण देतो, आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असते, एवढे तरी मुलांना ठाऊक हवे.

कायद्याचे भयही मोठे आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नाही, आणि गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. साहजिकच घाबरलेली मुलगी डॉक्टरकडे जाण्याचे टाळते, दिवस निघून जातात आणि धोका वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये या कोंडीतून वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळविण्याची गरज नाही. पण हा निर्णय जिच्यासाठी झाला, तिच्यापर्यंत तो पोचवणार कोण?

शिक्षकाने सर्वज्ञ असावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. प्रश्न विचारणाऱ्यास त्याने हसू नये, त्याच्यावर रागावू नये, आणि उत्तर ठाऊक नसेल तर जाणत्या डॉक्टरकडे पाठवावे, इतके पुरे. धडा गाळल्याने आपला संकोच झाकला जातो. त्याची किंमत मात्र वर्गातील एखादे मूल मोजत असते.