गाडीच्या नाकावर ड्रिल चालवू नका

शेतकऱ्याच्या दारात आता ट्रॅक्टरशेजारी पिकअप किंवा मोटारही उभी दिसते. घरातला तरुण मुलगा तालुक्याला जातो आणि कुणीतरी त्याला सांगते, ‘‘एअर फिल्टरच्या डब्याला भोके पाड, गाडी वाऱ्यासारखी पळेल.’’ पाच मिनिटांत काम उरकते. आवाज वाढतो आणि ताकदही वाढल्यासारखे वाटते. खरे काय घडते, ते समजून घेऊ या.

डबा कशासाठी?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. ती गाळणे हे डब्याचे पहिले काम. शिवाय तो बॉनेटखालची तापलेली हवा टाळून बाहेरची गार हवा आणतो, पाणी अडवतो आणि हवा ओढण्याचा आवाज दाबतो.

भोक पाडल्यावर

भोक फिल्टरच्या अलीकडे पडले, तर इंजिनजवळची गरम हवा आत जाते. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणजे ताकद वाढण्याऐवजी घटते; वाढतो तो फक्त आवाज. ओढ्याच्या पाण्यातून जाताना या भोकातून पाणी शिरले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसते.

भोक फिल्टरच्या पलीकडे पडले, तर नुकसान याहून मोठे. आपल्या पांदीतल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते तेलात मिसळले की पॉलिश पेपरसारखे सिलिंडर आणि रिंगा घासतात. गाडी निळा धूर सोडते, तेल खाते. टर्बोच्या पात्यांनाही ही धूळ झिजवते. नव्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. तो मळला की इंधनाचे गणित बिघडते. अशा बदलामुळे झालेल्या बिघाडाला कंपनी हमी नाकारू शकते, ते वेगळेच.

शर्यतीच्या गाड्यांत हवेची वाट बदलतात हे खरे. पण तिथे त्याबरोबर सारे इंजिनच नव्याने जुळवतात. आपली गाडी बहुतेक वेळ अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालते. तेवढ्या हवेला मूळ डबा पुरून उरतो.

मग करावे काय?

पिकअप कमी वाटला, तर आधी फिल्टर पाहावा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच बदलावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये, आपटू नये. हवा मारायचीच तर आतून बाहेर, हलक्या दाबाने मारावी. मग आत दिवा धरावा. उजेडाचा ठिपका दिसला की तो फिल्टर फेकून द्यावा. डब्याच्या क्लिपा, रबरी पाइपाच्या चिरा आणि फिल्टरची बैठक तपासावी. धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असेल, तर डब्यात उंदराने घर केले नाही ना, तेही पाहावे.

जुन्या ट्रॅक्टरच्या तेलाच्या एअर क्लीनरमध्ये तेल खुणेपर्यंतच भरावे. कमी भरले तर धूळ निसटते. जास्त भरले तर इंजिन तेल ओढून घेते. खाली गाळ साचला की तेल बदलावे.

फिल्टरला लागतात काहीशे रुपये. इंजिन बांधायला जातात हजारो. बैलाच्या नाकात धूळ कोंबून त्याला कुणी जुंपत नाही. गाडीलाही नाक आहे, एवढे ध्यानात ठेवावे.