चुनाळे की करंडा?

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी पितळेची भांडी घासायला काढली होती. त्या ढिगात मुठीत मावेल एवढी, गोल, बसक्या घाटाची एक डबी होती. आत दगडासारखा कडक पांढरा थर. आई ती मोडीत घालायला निघाली, तेव्हा आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आत्याबाईंचं चुनाळं हाय त्ये." आजीच्या आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी पणजी. ही डबी मुळात कशाची, हे शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

जुनी डबी ओळखायची तर प्रथम तिचे तोंड आणि झाकण पाहावे. सुरमादाणीचे तोंड अरुंद असते; आत सळई तेवढी जायची असते. तपकिरीच्या डबीचे झाकण घट्ट बसते, कारण तपकीर सर्दली की वाया गेली. चुनाळे कनवटीला किंवा चंचीत राहायचे, म्हणून ते लहान आणि सुटसुटीत. कुंकवाच्या करंड्याचे तोंड मात्र रुंद, कारण त्यात बोट घालायचे असते. पूर्वी कुंकू कोरडे असे. ते कपाळावर टिकावे म्हणून आधी मधमाश्यांच्या मेणाचा गोल टेकवीत आणि त्यावर कुंकू लावीत. त्यासाठी करंड्याजवळ मेणाची डबी असे, नाहीतर करंड्यातच मेणाला वेगळा कप्पा असे.

आमच्या डबीचे तोंड रुंद होते, आणि अडकवायला कडीही नव्हती. शंका आली ती येथेच. पण आतला पांढरा थर चुन्याचाच दिसत होता. आईने चिंचेचा कोळ लावताच त्यावर बारीक बुडबुडे उठले. विरवलेला चुना हवेत उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे चुनखडीचाच प्रकार. त्यावर आम्ल पडले की तो वायू पुन्हा बाहेर पडतो. आजीचे म्हणणे खरे ठरले. डबीत चुना होता.

परंतु थोडा थर विरघळताच आतली वाटी हलू लागली. जिला आम्ही डबीचा तळ समजत होतो ती निराळी वाटी होती, चुन्याने घट्ट धरून बसलेली. वाटीच्या काठाखाली तांबडा डाग होता. मी आनंदाने ओरडलेच, "कुंकू!" पण हा पुरावा कच्चा निघाला. महाविद्यालयात आमच्या सरांना डबी दाखविली, तेव्हा ते म्हणाले की चुना आणि कात मिळूनही तांबडा रंग येतो. पान खाणाऱ्याचे तोंड रंगते ते त्यामुळेच. तेव्हा नुसत्या रंगावर निकाल देता येणार नाही.

निकाल दिला तो वाटीखालच्या कप्प्याने. तेथे काळपट पिवळा, कडक गोळा होता. कडेला पितळेवर हिरवा कळंक चढलेला. तेलकट किंवा मेणचट पदार्थ पितळेवर फार काळ राहिला की असा हिरवा थर धरतो. सुई तापवून टेकविली, तर गोळा वितळला आणि मधाचा पुसट वास आला. ते मेण होते. गोळ्याच्या मध्यभागी बोटाने झिजून झालेला खळगा होता. विडा खाणाऱ्याला मेणाचे काय काम?

मी आजीला विचारले, "ही डबी आली कुठून?" ती म्हणाली, "आत्याबाईंच्या माहेरची. लग्नात आल्याली." नवरीला माहेरून करंडा देतात, चुनाळे नव्हे. आजी या घरात आली तेव्हा पणजी विधवाच होती. तिला कुंकू लावताना आजीने कधी पाहिलेले नाही. म्हणून आजीला डबी चुन्याचीच ठाऊक. कुंकू गेले तेव्हा वरच्या वाटीत चुना आला आणि खालचे मेण तसेच राहिले. आजीला हे सांगितले तेव्हा तिला एक गोष्ट आठवली. "आम्हास्नी चुना सोत्ता काढून द्यायच्या. डबी कुणाच्या हातात देत नव्हत्या."

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तू मांडलेल्या आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी हयातभर त्या जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही. आमच्याकडे ना बखर, ना सनद, ना साधे पत्र. पणजीच्या हातचे एक अक्षर नाही, कारण तिला अक्षर येत नव्हते. मेणातला तो खळगा तेवढा तिच्या हातचा आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आजोबा गेल्यापासून आजीही कुंकू लावीत नाही. तिला मी ही हकिगत वाचून दाखविली. ती म्हणाली, "आत्याबाईंच्या येळंला कुणी आसं बोललं असतं तर?"

असो. विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती, की घरातली जुनी डबी घासण्यापूर्वी ती आतून नीट पाहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. चिंचेने पितळ उजळते, पण आतला मजकूर धुऊन जातो. आमच्या डबीतला उरलेला चुना आम्ही तसाच ठेवला आहे. मोडीचे नाव आई आता काढीत नाही.