निकाल ठाऊक, तरी खटला रंगतो

'माय कझिन विनी' (1992) हा चित्रपट कितीही वेळा पाहा, वकील विनीची होणारी बायको मोना लिसा साक्षीला उभी राहिली की आपण सरसावून बसतोच. गुन्हा करून पळालेल्या गाडीचं एक चाक फुटपाथच्या कडेवर चढलं, तरी टायरच्या दोन्ही खुणा सपाट. म्हणजे मागची चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारी हवीत. आरोपींच्या 1964च्या ब्यूक स्कायलार्कला मागे अखंड आस होता. मग ती गाडी त्यांची कशी? पहिल्यांदा हे डोक्यावरून जातं; निकाल ठाऊक असला, की मात्र यातला प्रत्येक दुवा दिसतो. लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांच्या 2011च्या प्रयोगात शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना उलट जास्त आवडल्या. 'पुढे काय' हा घोर मिटला, की मेंदू बारकावे टिपायला मोकळा होतो, असं एक स्पष्टीकरण. मला ते पटतं.