विरजण, ताटली आणि आपली हाडं



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक विक्रेता पावडरीचे डबे घेऊन आला. "हाड झिजवणाऱ्या पेशी ही पावडर तयारच होऊ देत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय," असं म्हणाला आणि गटाच्या बचतीतून पन्नास डबे घ्यायचा आग्रह करू लागला. आमच्यातल्या एका काकूंचं मनगट अंगणात नुसतं घसरून मोडलं होतं, त्यामुळे सगळ्यांचंच मन वळलं होतं. पण पैसे देण्याआधी आम्ही ठरवलं, प्रयोगशाळेत नेमकं काय करतात ते समजून घेऊ.

हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात जुनं हाड खणणाऱ्या पेशी असतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्यांच्या मागून नवं हाड भरणाऱ्या पेशी येतात. दोन्ही लागतातच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, भरण्यापेक्षा खणणं वाढतं आणि हाड ठिसूळ होतं.

खणणारी पेशी अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून बनते. त्यासाठी दोन निरोप लागतात: एम-सीएसएफ आणि रँक-एल. प्रयोगशाळेत हे निरोप ताटलीतल्या पेशींना देतात आणि ३७ अंशांवर त्या वाढवतात.

आता दही आठवा. दूध तेच, विरजण तेच, तरी थंडीत लागत नाही आणि उन्हाळ्यात आंबट होतं. ताटलीचंही तसंच आहे. पेशी विरळ पेरल्या तर त्या एकमेकींना भेटतच नाहीत, मग मिसळणार कशा? फार दाट पेरल्या तर अन्न संपतं आणि पाणी आंबट होतं. पीएच ७.४ असताना या पेशी हाडाच्या कापावर जेमतेम खड्डे करतात, तो ७.० च्या आसपास उतरला की भराभर खणतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. ताटलीत तो २ टक्क्यांवर आणला तर या पेशी कितीतरी जास्त तयार होतात.

म्हणजे पावडर तीच, पण ताटली बदलली की निकाल बदलू शकतो. शिवाय एखाद्या पदार्थाने ताटलीतल्या सगळ्याच पेशी मेल्या, तरी "खणणाऱ्या पेशी घटल्या" असंच दिसेल. आणि आपण पावडर खातो, ती थेट हाडावर ओतत नाही.

ताटलीतलं ज्ञान वाया जात नाही. रँक-एल अडवणारं डेनोसुमॅब हे औषध त्यातूनच आलं. पण पाळी गेलेल्या ७,८०० हून अधिक बायकांवर तीन वर्षं चाचणी झाली, हाडं मोडण्याचं प्रमाण खरोखर घटलं, त्यानंतरच २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली.

विक्रेत्याला आम्ही एवढंच विचारलं, "बायकांवर तपासलंय का? किती जणींवर? हाडं मोडायची कमी झाली का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. डबे परत गेले.

काकूंना मात्र आम्ही हाडांची घनता तपासायला डॉक्टरांकडे नेलं. तुमच्या गटात कुणाचं हाड साध्या पडण्याने मोडलं असेल, तर तुम्हीही तिला न्या. आणि दारात कुणी "प्रयोगशाळेत सिद्ध" म्हणालं, तर हे तीन प्रश्न विसरू नका.