उतारावरील गोल्फ स्विंग : तोल व शरीरविन्यास यांचे विवेचन

गोल्फचा स्विंग बहुधा सपाट चटईवर शिकविला जातो. मैदानात मात्र चेंडू पुष्कळदा उतारावर थांबतो. पुण्याच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर वसलेल्या ऑक्सफर्ड मैदानासारख्या ठिकाणी तर उतार हाच नियम असतो. खेळाच्या नियमांनुसार (नियम ८.१) माती वा दगड रचून पायांखालची जागा सपाट करून घेता येत नाही. त्यामुळे बदल करावयाचा तो शरीराच्या ठेवणीतच.

बालाघाटच्या डोंगरात वावरणाऱ्या लातूरकरास हे ठाऊक असते की, चढताना माणूस नकळत पुढे झुकतो आणि उतरताना मागे रेलतो. चालताना हीच सवय तोल सांभाळते. गोल्फमध्ये मात्र तीच घात करते. चढाकडे झुकून फटका मारल्यास क्लब जमिनीत रुततो. उतारावर मागे रेलल्यास क्लब चेंडूच्या आधीच मातीला लागतो. म्हणून खांद्यांची रेषा शक्य तितकी उताराला समांतर ठेवणे हे पहिले तत्त्व होय. फार तीव्र उतारावर ते पूर्णतः साधत नाही. तेथे तोलास प्राधान्य देऊन आखूड स्विंग घ्यावा.

खांदे समांतर ठेवले की क्लबच्या मुखाचा कोन, म्हणजे लॉफ्ट, बदलतो. ८ अंशांच्या चढावर ३० अंशांचा क्लब सुमारे ३८ अंशांसारखा वागतो. चेंडू उंच जातो व अलीकडे पडतो. म्हणून कमी लॉफ्टचा क्लब निवडावा. उतारावर याच्या उलट घडते: चेंडू खालून जातो व पडल्यावर अधिक घरंगळतो.

आडवा उतार अधिक फसवा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंच असेल, तर क्लबचे मुख डावीकडे कलते. हे कलणे लॉफ्टवर अवलंबून असते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. भूमितीने पाहता, १० अंशांच्या आडव्या उतारावर २० अंश लॉफ्टच्या क्लबचे मुख सुमारे साडेतीन अंश डावीकडे वळते, तर ४६ अंशांच्या वेजचे सुमारे १०. शंभर मीटरवर १० अंश म्हणजे जवळजवळ १८ मीटरचा फरक! म्हणजे जवळचा, सोपा वाटणारा फटकाच येथे अधिक चुकू शकतो. अशा वेळी क्लब थोडा खाली धरावा, ताठ उभे राहावे व लक्ष्याच्या उजवीकडे नेम धरावा. चेंडू पायांपेक्षा खाली असल्यास कमरेतून व गुडघ्यांतून अधिक वाकावे, क्लब टोकाशी धरावा आणि नेम डावीकडे घ्यावा.

पुण्याचे उदयन माने यांनी २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केल्याने हा खेळ मराठी विद्यार्थ्यास अगदी परका राहिलेला नाही. उतारावरील ठेवण शिकविण्यास गोल्फचे मैदान लागतेच असे नाही. क्रीडांगणाच्या कडेचा मातीचा उतार, एक जुना क्लब आणि जमिनीवर ओढलेली चुन्याची रेघ पुरेशी आहे. चेंडूविना स्विंग घेऊन क्लब रेघेच्या अलीकडे टेकतो की पलीकडे, एवढेच विद्यार्थ्यास पाहावयास सांगावे.